खाऱ्या पाण्याची पहिली टाकी: फक्त मासे ठेवायचे असतील तर सुरुवात कशी करायची

गप्पी, मॉली, एंजल सांभाळून हात बसला की कधी ना कधी क्लाउनफिशकडे लक्ष जातंच. मग माहिती शोधायला बसलं की प्रवाळ, कॅल्शियम, डोसिंग पंप, खास लाइट असलं एवढं सगळं एकदम समोर येतं की पुष्कळ जण तिथेच विषय सोडून देतात. तर आधी हे समजून घ्या की तो बहुतेक पसारा रीफ टँकचा आहे, म्हणजे प्रवाळ ठेवायचे त्यांच्यासाठी. फक्त मासे ठेवायचे असतील तर साधा लाइट चालतो, कॅल्शियम मोजत बसावं लागत नाही आणि नायट्रेट थोडं वर गेलं तरी मासे सहन करतात. सहन होत नाही ते तीन गोष्टींत: अमोनिया, खारेपणातले अचानक बदल आणि बाहेरून आलेला रोग. नवीन टाक्यांतले मासे बहुतेक ह्या तिघांपैकीच कशाने तरी मरतात, आणि तिन्हींच्या मागे घाई असते.

म्हणून ह्या लेखात मासा सगळ्यात शेवटी येतो. टाकी ठेवल्यापासून पहिला मासा मोठ्या टाकीत जाईपर्यंत दोन-अडीच महिने धरून चला. हे पटत असेल तर पुढचं सगळं जमण्यासारखं आहे.

१. टाकी केवढी आणि कुठे ठेवायची

पहिली टाकी छोटी घ्यावी असं वाटतं, पण खाऱ्या पाण्यात गणित उलटं आहे. पाणी कमी असेल तर एक मासा मेला, एक दिवस जास्त खाणं पडलं, किंवा दोन दिवस बाष्पीभवनाकडे लक्ष गेलं नाही की लगेच सगळे आकडे हलतात. मी १५० लिटरच्या खाली सुरुवात करा असं कुणालाच सांगत नाही, १८० ते २५० लिटर असेल तर उत्तम. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून १००० ने भागा की लिटर मिळतात. ९० बाय ४५ बाय ४५ ची टाकी साधारण १८२ लिटरची होते. दगड, वाळू आणि वर सोडलेली जागा वजा केली की खरं पाणी दीडशेच्या आसपास राहतं. हा खरा आकडा एका कागदावर लिहून ठेवा, पुढे औषधाचा डोस काढताना तोच लागतो.

उंच टाकीपेक्षा लांब टाकी घ्या. माशाला पोहायला लांबी लागते, आणि पाण्याचा वरचा पृष्ठभाग जितका मोठा तितका ऑक्सिजन जास्त मिसळतो. खाऱ्या आणि कोमट पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी विरघळतो, त्यामुळे हा फरक चांगलाच जाणवतो.

वजनाचा विचार आधीच करा. एवढी टाकी पाणी, दगड, काच, स्टँड धरून अडीचशे किलोच्या पुढे सहज जाते. घरातलं टेबल किंवा कपाट ह्यासाठी नाही, मत्स्यालयासाठी बनवलेला मजबूत स्टँडच हवा. पाणसळ लावून दोन्ही बाजूंनी बघा, कारण स्टँड तिरका राहिला तर काचेच्या जोडांवर सारखा ताण येत राहतो. थेट ऊन येईल अशी खिडकी टाळा. स्वयंपाकघराजवळही नको, आणि टाकी असलेल्या खोलीत मच्छर मारायचा स्प्रे, रूम फ्रेशनर, रंगकाम हे सगळं बंद. हवेतलं ते पाण्यात उतरतं.

२. काय काय सामान लागतं

सगळं एकदम आणायची गरज नाही, पण यादी पूर्ण बघून ठेवा म्हणजे मध्येच अडायला होणार नाही.

- टाकी, स्टँड आणि जाळीचं झाकण
- फिल्टर: मागे टांगायचा, कॅनिस्टर (बाहेर ठेवायचा बंद डब्याचा), किंवा खाली सम्प (स्टँडमध्ये ठेवलेली फिल्टरची दुसरी टाकी)
- प्रोटीन स्किमर (फेसातून घाण बाहेर काढणारं यंत्र), तुमच्या टाकीच्या लिटरपेक्षा एक पायरी वरचा
- पाणी फिरवायला एक-दोन पॉवरहेड
- हीटर (थंडी पडत असेल तर) किंवा पंखा/चिलर (उकाडा असेल तर), आणि वेगळा थर्मामीटर
- मरीन सॉल्ट मिक्स
- आरओ-डीआय (क्षार काढून शुद्ध केलेल्या) पाण्याची सोय आणि टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजायला)
- रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायला) आणि तो कॅलिब्रेट करायचं ३५ पीपीटीचं (हजार भागांत ३५ भाग मीठ) लिक्विड
- खाऱ्या पाण्याच्या टेस्ट किट: अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच
- ड्राय रॉक (कोरडा दगड) किंवा लाइव्ह रॉक (जिवाणू असलेला समुद्री दगड), अॅरागोनाइट (चुनखडीयुक्त) वाळू
- दोन-तीन कोऱ्या बादल्या, ज्यांना साबण कधीच लागलेला नाही
- क्वारंटाइनसाठी (नवीन मासा आधी वेगळा ठेवायला) ४० ते ८० लिटरची साधी टाकी, स्पंज फिल्टर, पीव्हीसी पाइपचे तुकडे
- बॅटरीवर चालणारा एअर पंप
- लीकेज करंटवर ट्रिप होणारा ब्रेकर

पैसे वाचवायचेच असतील तर लाइटवर वाचवा. साधा एलईडी पुरतो, रोज सात-आठ तास, टायमरवर. रिफ्रॅक्टोमीटर आणि टेस्ट किट मात्र धड घ्या. काटा वर-खाली होणारा प्लास्टिकचा हायड्रोमीटर स्वस्तात मिळतो, पण त्याच्या काट्याला बुडबुडे चिकटले की तो वर उचलला जातो आणि पाणी आहे त्यापेक्षा जास्त खारं दाखवतो.

स्किमरबद्दल दोन शब्द. तो बारीक बुडबुडे सोडतो, माशांची घाण आणि उरलेल्या खाण्यातले प्रोटीन त्या बुडबुड्यांना चिकटतात, फेस वर चढतो आणि कपात काढ्यासारखं काळपट पाणी जमा होतं. म्हणजे घाण सडून अमोनिया व्हायच्या आधीच बाहेर पडते, आणि शिवाय पाण्यात हवा मिसळते तो फायदा वेगळाच. नवीन स्किमर सुरुवातीचे काही दिवस एकतर काहीच काढत नाही किंवा उतू जातो. त्यात बिघाड नाहीये, भांड्याच्या आतून हळूहळू थर बसला की तो सरळ चालायला लागतो, तोवर सारखी सेटिंग बदलत बसू नका.

३. पाणी आणि मीठ

ह्या पायरीवर सगळ्यात जास्त लोक शॉर्टकट मारतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, कधी क्लोरामाइन, कधी नायट्रेट-फॉस्फेट, जुन्या पाइपमधून आलेलं तांबंही असू शकतं. गोड्या पाण्यात क्लोरीन घालवलं की भागतं. इथे मात्र तुम्ही वर्षानुवर्षं बाष्पीभवनाची भरपाई करत राहणार, आणि उडून जातं ते फक्त पाणी, बाकी सगळं टाकीतच साठत जातं. म्हणून आरओ-डीआय पाणीच वापरा, टीडीएस शून्य किंवा शून्याच्या अगदी जवळ. घरातल्या पिण्याच्या आरओमध्ये चवीसाठी खनिजं परत मिसळलेली असू शकतात, त्याचं पाणी टीडीएस मीटरने मोजल्याशिवाय वापरू नका.

मीठ म्हणजे मरीन सॉल्ट मिक्सच. खायचं मीठ, खडे मीठ, आयोडीनवालं मीठ यातलं काहीही चालत नाही. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पीएच धरून ठेवणारे क्षार असं बरंच काही असतं आणि ते ठरावीक प्रमाणात लागतं. समुद्राजवळ राहणाऱ्यांना वाटतं थेट समुद्राचं पाणीच आणावं, पण किनाऱ्याजवळच्या पाण्यात सांडपाणी, तेल, परजीवी काय काय आहे ते घरी तपासता येत नाही. नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये.

कसं मिसळायचं ते बघा. बादलीत आधी पाणी घ्या, त्यात पॉवरहेड सोडा, पाणी २५ अंशांच्या आसपास येऊ द्या आणि मग मीठ थोडं थोडं टाकत जा. लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम धरा, ब्रँडप्रमाणे दोन-तीन ग्रॅम इकडे तिकडे होतं, पाकिटावर दिलेलं असतं. उलटं करू नका, म्हणजे मिठावर पाणी ओतू नका, कारण तळाशी इतकं घट्ट द्रावण होतं की काही क्षार पांढरी पूड होऊन बाहेर पडतात आणि परत विरघळत नाहीत. रात्रभर फिरू द्या. सकाळी पाणी काचेसारखं स्वच्छ दिसलं की मोजा.

रिफ्रॅक्टोमीटर वापरायला सोपा आहे. काचेवर दोन थेंब टाका, झाकण हलकेच लावा, आत बुडबुडा राहिलेला नाही ना बघा, अर्धा मिनिट थांबा आणि उजेडाकडे धरून डोळा लावा. निळा आणि पांढरा भाग जिथे मिळतो ती रेघ म्हणजे तुमचं माप. झाल्यावर आरओ पाण्याने पुसून घ्या, नाहीतर काचेवर मीठ सुकून पुढचं माप चुकतं. आणि कॅलिब्रेशन नुसत्या आरओ पाण्याने शून्यावर करण्यापेक्षा ३५ पीपीटीच्या लिक्विडने करा, कारण आपल्याला अचूकपणा तिथे हवाय.

आकडे असे ठेवा: खारेपणा (विशिष्ट गुरुत्वात) १.०२२ ते १.०२५, तापमान २४ ते २६ अंश, पीएच ८.० ते ८.४. ह्यातला नेमका कुठला आकडा धरता ह्याला फार महत्त्व नाही, तो आकडा स्थिर राहायला हवा. आज १.०२२ आणि परवा १.०२५ हे माशाला कायम १.०२२ असण्यापेक्षा कितीतरी जास्त त्रासाचं आहे.

४. दगड, वाळू आणि वायरिंग

आधी दगड, मग वाळू. दगड थेट तळाच्या काचेवर (खाली पातळ प्लास्टिकची शीट टाकली तर अजून बरं) घट्ट बसवा आणि मग भोवती दोन-तीन सेंटिमीटर वाळू पसरा. बरेच मासे वाळू उकरतात, आणि वाळूवर रचलेला दगड त्यांनी खालून पोखरला की ढासळतो, कधी माशावर, कधी काचेवर. रचना बंद भिंतीसारखी नको. मधून पाणी वाहायला हवं आणि प्रत्येक माशाला स्वतःचं बीळ मिळायला हवं, निम्मी भांडणं त्यानेच टळतात.

लाइव्ह रॉक की ड्राय रॉक हा नेहमीचा प्रश्न. लाइव्ह रॉकवर जिवाणू आधीच असतात त्यामुळे टाकी लवकर तयार होते, पण बरोबर नको ते किडे, एप्टेशिया (पसरत जाणारं उपद्रवी अॅनिमनी) आणि कधीकधी रोगही येतो. मी नवीन माणसाला ड्राय रॉकच सांगतो. वेळ जास्त लागतो, पण आत काय आहे ते आपल्याला माहीत असतं.

पॉवरहेड अशा कोनात लावा की पाण्याचा वरचा थर सारखा हलत राहील. तासाला टाकीच्या दहापट पाणी फिरलं की माशांच्या टाकीला पुरतं.

हीटर एक मोठा घेण्यापेक्षा दोन लहान घ्या, २०० लिटरला १००-१०० वॅटचे. हीटर बिघडतो तेव्हा पुष्कळदा चालू स्थितीतच अडकतो, आणि मोठा एकच असेल तर सगळं पाणी शिजवतो. दोन असतील तर लहानाची तेवढी ताकद नसते. उन्हाळ्यात पाण्यावर पंखा सोडला तर तापमान दोन-तीन अंश खाली येतं, पण ते बाष्पीभवनामुळे, म्हणजे त्या दिवसांत गोडं पाणी जास्त भरावं लागणार हे धरूनच चाला.

वायरिंगकडे मनापासून लक्ष द्या, हा जिवाचा प्रश्न आहे. खारं पाणी वीज फार चांगली वाहून नेतं आणि मिठाचे थर वायरवरून सरकत सॉकेटपर्यंत जातात. प्रत्येक वायरला सॉकेटच्या खाली झोळ द्या म्हणजे वायरवरून ओघळलेला थेंब तिथेच खाली पडेल. एक्स्टेंशन बोर्ड टाकीच्या खाली जमिनीवर ठेवू नका, बाजूच्या भिंतीवर उंच लावा. लीकेज ब्रेकर बसवा. आणि पाण्यात हात घालायच्या आधी हीटर, पंप सगळं बंद करायची सवय लावा.

सम्प असेल तर पाणी भरल्यावर मुद्दाम एकदा मेन स्विच बंद करून बघा. पंप थांबला की वरचं पाणी पाइपातून उलटं खाली ओढलं जातं, तेवढं सगळं सम्पात मावतंय का ते त्याच दिवशी कळलेलं बरं.

५. सायकल: रिकामी टाकी तयार करणं

माशाच्या श्वासातून आणि विष्ठेतून अमोनिया तयार होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. हे जिवाणू दगडावर, वाळूत, फिल्टरमध्ये वस्ती करतात, आणि नवीन टाकीत ते नसतातच. त्यांना वाढायला वेळ देणं म्हणजे सायकल. खाऱ्या पाण्यात ह्यात जास्त काळजी घ्यावी लागते कारण पीएच वर असतो, आणि पीएच जितका वर तितका अमोनियाचा विषारी भाग जास्त.

पद्धत अशी: अमोनियाचं लिक्विड घ्या, त्यात सुगंध किंवा फेस येणारं काही नको (बाटली हलवून बघा, फेस टिकला तर ती वापरू नका). टेस्ट २ पीपीएम (दहा लाख भागांत दोन भाग) दाखवेल इतकंच घाला. बरोबर जिवाणूंची तयार बाटली टाकली तर वेळ वाचतो. अमोनिया मिळत नसेल तर चिमूटभर माशांचं खाणं रोज टाका किंवा कोळंबीचा एक तुकडा टाकून सडू द्या, काम होतं, फक्त वास येतो आणि प्रमाणावर ताबा राहत नाही. लाइट बंदच ठेवा, आत काही नसताना लाइट लावला तर शेवाळच वाढणार.

दर दोन-तीन दिवसांनी टेस्ट करा आणि वहीत लिहा. आधी अमोनिया उतरायला लागेल, नायट्राइट चढेल आणि बरेच दिवस वरच बसेल. इथे लोकांचा धीर सुटतो. अजून अमोनिया ओतू नका, फार वाढवलात तर तेच जिवाणू अडखळतात. मग एका आठवड्यात नायट्राइट झपकन खाली येतं. ड्राय रॉकवर ह्या सगळ्याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तयार झाली का ते ओळखायचं असं: पुन्हा २ पीपीएम अमोनिया टाका, २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य झालं पाहिजे. मग अर्धं पाणी बदला म्हणजे साठलेलं नायट्रेट खाली येईल.

नायट्रेट टेस्टचं एक सांगून ठेवतो. दुसऱ्या बाटलीच्या तळाशी पावडर बसलेली असते, ती बाटली अर्धा मिनिट जोरात हलवली नाही तर टेस्ट कमी दाखवते आणि तुम्ही समजता सगळं छान आहे. पाण्यात नायट्राइट असेपर्यंत नायट्रेटच्या आकड्यावर विश्वासही ठेवू नका, तो खोटा जास्त येतो. आणि रंगाचा तक्ता खाऱ्या पाण्याचाच वापरताय ना हे बघा, काही किटमध्ये दोन तक्ते असतात.

एक मोठा सापळा म्हणजे "दोन डॅमसेल सोडा, त्यांच्यावर सायकल होऊन जाईल" हा सल्ला. हे छोटे समुद्री मासे काटक असतात म्हणून जगतातही, पण अमोनियात कल्ले भाजून जगतात, आणि नंतर तीच टाकी स्वतःची समजून पुढे येणाऱ्या प्रत्येक माशाला मारत सुटतात. त्यांना पकडायचं तर सगळे दगड बाहेर काढावे लागतात.

सायकल संपत आली की वाळूवर तपकिरी धूळ दिसेल. ती डायाटम (एक सूक्ष्म शेवाळ), नवीन टाकीत येतेच, काही आठवड्यांत आपोआप जाते. औषध टाकू नका.

६. क्वारंटाइन, जे टाळावंसं वाटतं ते

दुकानातले बहुतेक समुद्री मासे समुद्रातून पकडून आणलेले असतात, प्रवासात दमलेले असतात आणि एकाच पाण्यात शेजारी शेजारी ठेवलेले असतात. पांढऱ्या ठिपक्यांचा मरीन इक आणि बारीक सोनेरी धुळीसारखा दिसणारा वेल्व्हेट हे दोन रोग ह्यातूनच घरी येतात. वेल्व्हेट तर ठिपके नीट दिसायच्या आधीच काही दिवसांत अख्खी टाकी संपवतो.

इकचा खेळ समजून घ्या. परजीवी अंगावर काही दिवस राहतो, मग गळून तळाशी कवच करतो, आणि त्यातून शेकडो पिल्लं निघून परत मासा शोधतात. म्हणजे ठिपके गेले ह्याचा अर्थ मासा बरा झाला असा नाही, पुढची फौज वाळूत तयार होतेय. एकदा मोठ्या टाकीत शिरला की सगळे मासे बाहेर काढून टाकी साधारण ७६ दिवस माशांशिवाय ठेवणं हा खात्रीचा उपाय. त्यापेक्षा प्रत्येक नवीन मासा आधी चार आठवडे वेगळा ठेवणं किती सोपं आहे बघा.

क्वारंटाइन टाकीत वाळू नको, दगड नको. हीटर, स्पंज फिल्टर, लपायला पीव्हीसीचे तुकडे आणि झाकण, बस. हा स्पंज मोठ्या टाकीची सायकल सुरू करतानाच त्या पाण्यात टाकून ठेवा, म्हणजे दोन्हीकडे जिवाणू एकाच वेळी तयार होतात. हे केलं नाही तर छोट्या टाकीत चार दिवसांत अमोनिया चढतो आणि रोगापासून वाचवायला आणलेला मासा त्याने जातो. आणि मासा इकडे असताना तिकडची मोठी टाकी रिकामी आहे हे विसरू नका, तिथल्या जिवाणूंना दर दोन-चार दिवसांनी थोडा अमोनिया किंवा चिमूटभर खाणं टाकत राहा.

इक किंवा वेल्व्हेट दिसला तर तांब्याचं औषध हा जुना आणि खात्रीचा उपाय आहे, पण तांब्याची टेस्ट किट हातात असल्याशिवाय सुरू करू नका. कमी पडलं तर रोग जात नाही, जास्त झालं तर मासा जातो. औषध फक्त क्वारंटाइनमध्येच, मोठ्या टाकीत कधीच नाही, कारण दगड आणि वाळू तांबं शोषून घेतात, मग डोस धरता येत नाही आणि पुढे त्या टाकीत गोगलगाय किंवा कोळंबी ठेवणं धोक्याचं होतं. तांबं लागलेला स्पंजही मोठ्या टाकीत परत नेऊ नका.

७. कोणते मासे

१८० लिटरच्या टाकीत चार-पाच छोटे मासे, त्याच्या पुढे नको. सुरुवातीला मला पटलेली नावं ही: ऑसिलॅरिस क्लाउनची जोडी, रॉयल ग्रामा, बांगाई किंवा पायजमा कार्डिनल, यलो वॉचमन गोबी, फायरफिश. फायरफिश घाबरला की उडी मारतो, म्हणून झाकण जाळीचंच आणि फट न ठेवता.

क्लाउनला सी अॅनिमनी (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी, ज्यात तो समुद्रात राहतो) लागतंच असं नाही. घरी तो टाकीचा एखादा कोपरा नाहीतर पॉवरहेडच्या मागची जागा धरतो आणि रात्री तिथेच अंग हलवत झोपतो, बघत बसावं असं असतं ते. जोडी घेताना एक लहान आणि एक त्याहून थोडा मोठा असे कोवळे घ्या; सगळे क्लाउन आधी नर असतात, त्यातला वरचढ मादी होतो. टाकीत पैदास केलेले मिळत असतील तर तेच घ्या. ते पेलेट खायला शिकलेले असतात, आणि समुद्रातून तेवढे कमी काढले जातात. बांगाई कार्डिनलच्या बाबतीत तर हे मी आग्रहाने सांगतो, तो इंडोनेशियातल्या बांगाई बेटांच्या आसपासच्या छोट्याशा पट्ट्यातला मूळ मासा आहे आणि तिथे उपशामुळे तो धोक्यात आला.

टाळायचे: मँडरिन (जिवंत बारीक कोपेपॉड खातो, नवीन टाकीत उपाशी मरतो), ब्लू टँग (वाढून ३० सेंटिमीटरपर्यंत जातो), मूरिश आयडल, सीहॉर्स, क्लीनर रास, आणि लायनफिश, ज्याचे काटे विषारी असतात आणि जो तोंडात मावेल तो मासा गिळतो.

दुकानात मासा आवडला तरी लगेच पिशवीत भरून घेऊ नका. तुमच्यासमोर खायला घालायला सांगा. न खाणारा मासा कितीही सुंदर असला तरी सोडून द्या. कल्ले फार जोरात चालतायत का, पोट खपाटीला गेलंय का, डोळे धुरकट आहेत का, दगडाला अंग घासतोय का, आणि त्याच टाकीत दुसरा कुणी आजारी किंवा मेलेला आहे का, हे सगळं बघा. दुकानात येऊन आठवडा-दोन आठवडे झालेला मासा कालच आलेल्यापेक्षा केव्हाही चांगला. आणि त्यांच्या टाकीचा खारेपणा विचारून या, पुढे लागणार आहे.

८. मासा घरी आणला त्या दिवशी

बरीच दुकानं खारेपणा कमी ठेवतात, १.०१८ वगैरे. माशाला कमी खाऱ्या पाण्यात नेणं त्यामानाने सोपं जातं, एकदम जास्त खाऱ्यात नेणं घातक. समुद्री माशाच्या अंगातलं पाणी सतत बाहेर ओढलं जात असतं आणि ते भरून काढायला तो खारं पाणी पितो, तो समतोल अचानक बिघडला की तो सावरत नाही. म्हणून क्वारंटाइनचं पाणी आधीच दुकानाच्या खारेपणाला जुळवून ठेवा आणि नंतर रोज ०.००१ ने वर आणा.

पिशवी न उघडता पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, मग उघडून मासा सोडा. लांबच्या प्रवासाने आलेला असेल तर थेंब थेंब पाणी सोडत तास-तास बसू नका. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच खाली असतो, त्यामुळे साठलेला अमोनिया तितका बाधत नाही. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. पिशवीतलं पाणी टाकीत जाऊ देऊ नका. त्या दिवशी लाइट बंद, खाणं दुसऱ्या दिवशी.

मोठ्या टाकीत नेताना शांत मासे आधी, दादागिरी करणारे शेवटी, आणि दोन खेपांत निदान दोन-तीन आठवड्यांचं अंतर, म्हणजे जिवाणूंना वाढलेला भार पेलता येतो. जुना मासा नव्याच्या मागे लागलाच तर काचेला बाहेरून काही दिवस आरसा लावून ठेवा. तो स्वतःच्या प्रतिबिंबाशी भांडत राहतो आणि नव्याला जागा शोधायला वेळ मिळतो.

९. रोजचं आणि आठवड्याचं काम

रोज: तापमान बघा, मासे मोजा, कमी झालेलं पाणी भरा. हे भरायचं पाणी गोडं आरओचंच, कारण मीठ उडून जात नाही. खारं पाणी भरत राहिलात तर आठवड्याभरात खारेपणा वर गेलेला दिसेल. काचेवर बाहेरून टेपचा तुकडा लावून पातळीची खूण करा. बाहेर जास्त असणाऱ्यांनी ऑटो टॉप अप (कमी झालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) घ्यावा, माझ्या मते स्किमरनंतरची सगळ्यात उपयोगी वस्तू तीच.

खाणं दिवसातून एक-दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. पेलेट, फ्रोझन मायसिस, ब्राइन श्रिम्प (दोन्ही बारीक कोळंबीसारखे जीव) आलटून पालटून. फ्रोझन तुकडा वाटीत वितळवून पाणी गाळून टाका. आठवड्यातून एकदा स्किमरचा कप आणि नळी धुवा, फिल्टरचा कापूस बदला, काच पुसा, टेस्ट करा. दर दोन आठवड्यांनी १० ते १५ टक्के पाणी बदला, नवीन पाण्याचं तापमान आणि खारेपणा जुळवून. अमोनिया आणि नायट्राइट शून्यच हवं. नायट्रेट २० च्या आसपास असेल तर छान, ४० च्या वर जायला लागलं की खाणं कमी करा आणि पाणी जास्त बदला.

आणि फिल्टरमधलं सगळं मीडिया (जिवाणू बसतात तो स्पंज वगैरे) एकाच दिवशी धुऊन काढू नका, आरओ पाण्यानेही नको. टाकीतून काढलेल्या खाऱ्या पाण्यातच हलकं खळबळून परत ठेवा.

१०. लाइट गेली तर, आणि बाहेरगावी जाताना

वीज गेल्यावर मासे आधी ऑक्सिजनला मुकतात, तापमान नंतर बिघडतं. बॅटरीचा एअर पंप लगेच लावा, खाणं बंद. बराच वेळ गेली असेल तर कॅनिस्टर तसाच चालू करू नका, आत अडकलेलं पाणी सडलेलं असतं, ते ओतून मगच सुरू करा.

दोन-तीन दिवस बाहेर जायचं असेल तर पूर्ण वाढलेले मासे उपाशी राहिले तरी काही होत नाही. जास्त दिवस असेल तर शेजाऱ्यांना डबा देऊ नका, एकेका दिवसाचं खाणं कागदाच्या पुड्यांत बांधून तारीख घालून द्या, कारण टाकी न सांभाळलेला माणूस प्रेमापोटी हमखास जास्त टाकतो. टॉप अपचं पाणी बाटल्यांत भरून "फक्त हेच" असं लिहून ठेवा, मिसळलेलं खारं पाणी त्यांच्या नजरेआड ठेवा, आणि पाण्यात हात घालायची वेळ आली तर कुठला स्विच आधी बंद करायचा त्यावर लाल टेप लावून जा.